घरचं रक्त

सानपाड्याच्या सागरदीप सोसायटीत विलास मुरुडकरांच्या परवानगीशिवाय फक्त डास आत येत. बाकी सगळ्यांची झडती व्हायची. नवा भाडेकरू असो, धुणंभांड्याची बाई असो की कुणाच्या बारशाला आलेला पाहुणा, मुरुडकर गेटवर उभे राहून विचारायचे, "कुठले तुम्ही?" समोरचा म्हणायचा, "वाशीहून आलो." "ते नाही हो. मूळचे कुठले?" मूळ कळल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडायचं नाही. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभा जन्म स्टोअर सांभाळलं होतं. ट्रकमधून उतरणारं प्रत्येक पिंप ठोकून, हुंगून, झाकणावरचा शिक्का वाचून मगच ते आत घ्यायचे. तिथून रिटायर झाले आणि सोसायटीचे सेक्रेटरी झाले. पिंपांच्या जागी माणसं आली, एवढाच फरक.

घरात त्यांनी नापास केलेला माल एकच होता, त्यांचा मुलगा वरद. वरदनं इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं आणि वाशीत कुत्र्यामांजरांचं पार्लर काढलं. पोराचा हात इतका हलका की चावरी कुत्रीसुद्धा त्याच्यापुढे मान टाकून पडायची. मुरुडकर मात्र चारचौघांत त्याची ओळख करून द्यायचे ती "आमचे चिरंजीव, कुत्र्यांचे न्हावी" अशी. लोक हसायचे. वरदही हसायचा. त्या हसण्याचा सगळ्यात जास्त त्रास त्याच्या आईला, वैशालीताईंना व्हायचा. तिशी उलटली तरी हा मुलगा बापाच्या एका बऱ्या शब्दासाठी ताटकळत उभा आहे, हे त्यांना रोज दिसायचं. नवऱ्याला उलट बोलण्याची त्यांची प्राज्ञा नव्हती. आपण गप्प राहिलो की घर शांत राहतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती, आणि त्या समजुतीवर त्यांनी संसार ओढला.

मुरुडकरांचं नाव सानपाड्यात झालं ते मात्र रक्तदान शिबिरामुळे. दर वर्षी गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये खाटा मांडल्या जायच्या, बाहेर मोठा फ्लेक्स लागायचा, आणि त्यावर स्थानिक पुढारी हौसेराव यांच्या शेजारी मुरुडकर हात जोडून उभे असायचे. रक्त देणाऱ्याला स्टीलचा डबा भेट. त्या डब्यासाठी पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमधली पोरं यायची, बिल्डिंगांचे वॉचमन यायचे, रिक्षावाले यायचे. एरवी ज्यांना गेटवरून पिटाळायचे, त्यांना त्या दिवशी मुरुडकर माइकवरून "या, या, रक्ताला जात नसते, रक्ताला धर्म नसतो" असं म्हणत आत घ्यायचे. स्वतः कधी खाटेवर आडवे झाले नाहीत. बीपीची गोळी आहे म्हणायचे. शिबिर संपलं की घरी येऊन डोक्यावरून अंघोळ करायचे आणि जेवायला बसल्यावर वैशालीताईंना सांगायचे, "कसली कसली माणसं येतात गं. ज्याच्या अंगात जाईल हे, त्याचं देवच भलं करो."

अशा माणसाच्या छातीत एक दिवस जिना चढताना कळ आली. तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन नळ्या बंद आणि एक झडप निकामी निघाली. डॉक्टर राजवर्धन म्हणून एक तरुण सर्जन होते, त्यांनी मुरुडकर, वैशालीताई आणि वरद अशा तिघांना समोर बसवून सगळं सांगितलं. हृदय काही वेळ थांबवावं लागेल. तेवढा वेळ रक्त एका मशीनमधून फिरेल, ते मशीनच हृदयाचं आणि फुप्फुसाचं काम करेल.

"मशीनचा एक त्रास असतो," डॉक्टर म्हणाले. "रक्त प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरायला लागलं की शरीराला वाटतं, घरात कुणीतरी परकं घुसलं. मग ते आपले सगळे पहारेकरी एकदम बाहेर काढतं. त्यांना चोर काही सापडत नाही, आणि ते आपल्याच घराची मोडतोड करत सुटतात. अंग सुजतं, ताप येतो, बीपी पडतं, फुप्फुसात पाणी भरतं. बहुतेकांचं दोनचार दिवसांत उतरतं. काहींना जड जातं."

मुरुडकर यावर चक्क खूश झाले. "म्हणजे आमचं शरीर आमच्यासारखंच आहे म्हणा की," ते म्हणाले. डॉक्टरांनीही हसून मान हलवली.

मुरुडकरांचं हसू मावळलं ते पुढच्या वाक्याला. रक्त चढवावं लागेल, ते रक्तपेढीतून येईल, बदल्यात घरच्या कुणीतरी येऊन रक्तदान करावं. मुरुडकरांच्या डोळ्यांपुढे खाटेवर ओळीनं पडलेली पावण्याची पोरं आली असणार. ते तडक हॉस्पिटलच्या रक्तपेढीत गेले. मागे वैशालीताई आणि वरद.

काउंटरला अस्मिता जाधव नावाची मुलगी होती. मुरुडकरांनी तिचा बिल्ला वाचला आणि विचारलं, "कुठले जाधव तुम्ही?"

"नेरूळचे," ती म्हणाली. हा प्रश्न तिला नवा नव्हता. "काय काम होतं काका?"

"मला जे रक्त चढवणार, ते आमच्यातल्याच माणसाचं असेल ना?"

"ते सांगता येत नाही काका. आमी नाव बघून देत नाय, ग्रुप बघून देतो."

"मग मला नको ते. हा माझा मुलगा आहे. त्याचा माझा ग्रुप एकच. ह्याचंच घ्या आणि मलाच द्या."

वरदनं चमकून बापाकडे पाहिलं. वैशालीताईंनी वरदकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड त्यांनी दहावीच्या निकालानंतर पाहिला नव्हता.

अस्मितानं पेन खाली ठेवलं. मुलाचं रक्त बापाला, बापाचं मुलाला, असं आम्ही देत नाही, ती म्हणाली. जवळच्या नात्यातल्या रक्तानं कधीकधी उलटा प्रकार होतो, आणि झाला तर त्यावर इलाज नाही. द्यायचंच असेल तर आधी त्या रक्तावर किरणं सोडावी लागतात. ते यंत्र इथे नाही, मुंबईला पाठवावं लागेल, ऑपरेशन थोडं पुढे ढकला. तिनं हे सगळं दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा वैशालीताईंकडे बघून.

"पोरी, तू शाळेत जात होतीस तेव्हापासून मी शिबिरं घेतोय," मुरुडकर म्हणाले. "किरणं सोडून मेलेलं रक्त मला नको. आणि तुमच्या बाटलीतलं तर नकोच. पोटच्या पोराच्या रक्तानं कुणाला अपाय होतो का? काय शिकवतात तुम्हाला? का तुम्हा लोकांना असंच पास करतात?"

अस्मिताचा चेहरा लाल झाला. वैशालीताईंच्या मनात आलं, म्हणावं, अहो, ती सांगतेय ते ऐका. शब्द ओठांपर्यंत आलेही होते. पण वरद तिथे शर्टाची बाही दुमडत उभा होता, आणि जन्मात पहिल्यांदा बापाला त्याच्याकडून काहीतरी हवं होतं. तो आनंद त्यांच्यानं मोडवला नाही. त्या गप्प राहिल्या.

मुरुडकरांनी हौसेरावांना फोन लावला. हौसेरावांनी आणखी कुणाला तरी लावला. संध्याकाळच्या आत वरून निरोप आला की पेशंटचा आग्रह असेल तर त्यांच्या जबाबदारीवर करून टाका. वरदनं ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रक्त दिलं. रक्त देऊन बाहेर आला तेव्हा कापसाचा बोळा दंडाशी दाबून धरत तो म्हणाला, "आई, पप्पांनी स्वतः सांगितलं, बाकी कुणाचं नको म्हणून." लहान मुलानं बक्षीस दाखवावं तसा त्यानं दंड दाखवला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं, आणि मुरुडकरांच्या बाबतीत ते जड गेलं. आयसीयूच्या काचेतून वैशालीताईंनी पाहिलं तेव्हा आपण चुकीच्या खाटेपाशी आलो असं त्यांना वाटलं. चेहरा पाण्यात भिजवलेल्या पावासारखा फुगला होता, डोळे मांसात बुडाले होते, बोटं एकमेकांना टेकत नव्हती. लग्नातली अंगठी नर्सनं कापून काढली आणि कागदात बांधून त्यांच्या हातात दिली. ताप उतरेना, श्वासाचं मशीन निघेना. परकं घुसलं म्हणून मुरुडकरांचं शरीर स्वतःवरच लाठ्या चालवत होतं. गेटवर आयुष्यभर जे केलं, तेच आता आत चाललं होतं, आणि या वेळी झोडपून निघणारे ते स्वतःच होते. वैशालीताई बाहेरच्या खुर्चीत बसून देवाचं नाव घेत राहिल्या. खरं सांगायचं तर एकदा त्यांच्या मनात हेही आलं की हे असेच गेले तर वरदच्या वाट्याला निदान शेवटची आठवण चांगली राहील. लगेच त्यांनी स्वतःच्या गालावर मारून घेतलं.

पण सूज उतरली. हळूहळू नाक दिसायला लागलं, मग डोळे, आणि मग जीभ. आठवड्याभरात मुरुडकर घरी आले आणि भेटायला येणाऱ्यांचा दरबार भरला. येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच सांगायचे, "मशीननं मला मारलं होतं. माझ्या पोराच्या रक्तानं वाचवलं." वरदला हाक मारून शेजारी बसवायचे. "हा बघा. ह्याचं रक्त फिरतंय माझ्यात." कुत्र्यांचे न्हावी हा शब्द त्या दिवसांत त्यांच्या तोंडून आला नाही. वरदनं पार्लर बंद ठेवलं. बापाला भिंतीला धरून चालवायचा, पाय चेपून द्यायचा. वैशालीताई स्वयंपाकघरातून हे बघायच्या आणि पदर डोळ्यांना लावायच्या. त्यांना वाटलं, आपल्या गप्प राहण्याचं चीज झालं.

मग एके सकाळी मुरुडकरांना पुन्हा ताप आला. तळहात लाल झाले, कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पाठीवर पुरळ उठलं. कुणी घाबरलं नाही. डॉक्टरांनी सगळं इतकं छान समजावून सांगितलं होतं ना! "तीच मशीनची सूज आहे," मुरुडकर म्हणाले. "पहारेकरी अजून घरी गेलेले नाहीत." वरदनं कपाळावर थंड पट्ट्या ठेवल्या. वैशालीताईंनी भाताची पेज केली. जुलाब सुरू झाले तेव्हा पेजेत डाळिंबाचा रस घातला. हॉस्पिटलला फोन करू या का, असं वरदनं दोनदा विचारलं, आणि बाप म्हणाला, "कशाला? पुन्हा त्यांच्या बाटल्या चढवून घ्यायच्या?" अशा कौतुकात काही दिवस गेले. अंगावरची कातडी सुटायला लागली तेव्हा कुठे त्यांना गाडीत घातलं.

डॉक्टर राजवर्धननी रिपोर्ट बघितले आणि वैशालीताईंना एकट्यांना आत बोलावलं.

"हे मशीनचं नाही काकू. मशीनचं जे व्हायचं ते झालं आणि ते ह्यांनी पचवलं. हे रक्ताचं आहे." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "परक्याचं रक्त गेलं असतं तर शरीरानं त्यातल्या पांढऱ्या पेशी ओळखून संपवल्या असत्या. वरदच्या पेशी त्यानं घरच्या समजून राहू दिल्या. पण त्या पेशींना हे शरीर परकं वाटतंय. त्या आता ते खाताहेत. कातडी, आतडी, लिव्हर, हाडांतला मगज. रक्त तयार होणंच थांबलंय."

"मग औषध?"

"देतोय. पण ह्यातून माणूस उठत नाही काकू."

वैशालीताईंनी विचारलं, "पोराच्या रक्तात काही खोट आहे का?"

"काहीच नाही. उत्तम रक्त आहे. दुसऱ्या कुणालाही दिलं असतं तर तो माणूस उठून घरी गेला असता."

वैशालीताईंनी हात जोडले. "डॉक्टर, एवढं एक करा. वरदला सांगू नका. त्याला वाटू दे मशीनचंच आहे म्हणून. ह्यांचं जे व्हायचं ते होईल. माझा मुलगा तरी राहू दे." डॉक्टर हो म्हणाले. चूक त्यांच्याही हॉस्पिटलची होती, त्यामुळे गप्प राहणं त्यांना जड गेलं नसावं.

पण मुरुडकर स्टोअरवाले होते. कुठला माल कुठून आला आणि कुठे नासला, हे शोधल्याशिवाय ते झोपत नसत. राउंडला आलेल्या एका शिकाऊ डॉक्टरला त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि त्यानं सांगून टाकलं. दुपारी वैशालीताई खोलीत गेल्या तेव्हा नवऱ्याच्या डोळ्यांवरूनच त्यांना कळलं.

त्यांनी दार लावून घेतलं आणि लग्नानंतर पहिल्यांदा नवऱ्याकडे काही मागितलं. "अहो, तुमचं मी कधी मोडलं नाही. कधी उलट बोलले नाही. माझं एवढं एक ऐका. पोराला बोलू नका. त्यानं हौसेनं दिलंय हो. तुम्ही मागितलंत म्हणून दिलंय. त्याला जगायचंय अजून."

मुरुडकर छताकडे बघत होते. ओठ फाटलेले, त्यावर मलम थापलेलं. "बघू," ते म्हणाले.

त्या 'बघू'वर वैशालीताईंनी जीव टांगला.

संध्याकाळी वरद आला. खोलीत जाताना मास्क, हातमोजे, अंगावर हिरवा झगा, सगळं घालावं लागायचं. त्यानं नर्सला विचारून पार्लरमधला नवा, बारीक आवाजाचा ट्रिमर स्वच्छ करून आणला होता. "पप्पा, दाढी किती वाढलीय. टोचत असेल," तो म्हणाला. मुरुडकरांनी मान वळवून दिली. वरदनं कातडी जिथे सुटली होती ती जागा सोडून, जिथे बरी होती तिथे हलक्या हातानं मशीन फिरवलं. गळ्यापाशी दोन बोटांनी कातडी अलगद ताणली. बापानं डोळे मिटले. इतक्या दिवसांत त्यांना बरं वाटलेलं ते तेवढंच असेल. पायाशी उभ्या असलेल्या वैशालीताईंना वाटलं, ऐकलं यांनी माझं. यांनाही काळीज आहे.

वरदनं ट्रिमर बंद केला, गळ्यावरचे केस टिपून घेतले. मुरुडकरांनी डोळे उघडले.

"झालं?"

"झालं पप्पा."

"मग आता ऐक. मला मशीननं काही केलेलं नाही. तुझ्या रक्तानं मारलंय मला. विचार डॉक्टरला. रस्त्यावरच्या कुठल्याही भुरट्याचं चाललं असतं, आणि तुझं चाललं नाही." त्यांना धाप लागली, पण वाक्य त्यांनी पुरं केलं. "जन्मात एकदा तुझ्याकडून काहीतरी घेतलं मी."

वरदनं आईकडे पाहिलं. नाही म्हण, असं ते पाहणं होतं. वैशालीताईंना खोटं बोलता आलं असतं. तोंड उघडलं आणि जन्मभराच्या सवयीनं आवाजच फुटला नाही. वरदला तेवढं पुरलं. बापाच्या कानामागे एक केस राहिला होता, तो त्यानं टिपला, ट्रिमर पिशवीत घातला आणि तो बाहेर गेला. दोन दिवसांनी मुरुडकर गेले. त्या दोन दिवसांत वरद खाली पार्किंगमध्ये बसून होता. वर आला नाही.

गणपती आले. हौसेराव घरी येऊन म्हणाले, "वैनी, साहेबांचं शिबिर बंद पडता कामा नये. यंदा त्यांच्याच नावानं करू. टेन्शन घेऊ नका, डबे माझ्याकडून." फ्लेक्स लागला. त्यावर मुरुडकर एकटेच हात जोडून उभे होते, गळ्यात छापील हार. हॉलमध्ये पावण्याची पोरं रांगेत बसली. हौसेराव माइकवर म्हणाले, "ज्या पुत्रानं आपल्या पित्याला स्वतःचं रक्त दिलं, ज्या रक्तानं साहेबांना मरणाच्या दारातून परत आणलं, तो आमचा वरद आज पहिलं रक्तदान करील!" टाळ्या वाजल्या. कुणीतरी वरदला पाठीवर थाप मारून पुढे ढकललं.

रक्तपेढीच्या टीमबरोबर अस्मिता जाधव आली होती. तिनं त्याला ओळखलं. ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "नाय दिलंत तरी चालेल. बीपी हाय आलं म्हणून सांगते मी."

वैशालीताई खाटेच्या उशापाशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांना त्या मुलीची माफी मागायची होती, पण फ्लेक्सवरून नवरा बघत होता, आणि त्यांच्या घशातून या वेळीही काही निघालं नाही.

वरद खाटेवर आडवा झाला. "हे कुणाला जाईल?" त्यानं विचारलं.

"ते सांगता येत नाही. ज्याला लागेल त्याला."

"आमच्यातलं कुणी नसेल ना?"

अस्मितानं मान हलवली. "नसेल," ती म्हणाली.

वरदनं बाही वर केली.